पाण्याला कुणी ढकलत नाही

जांभळा रंग हलला. हलला म्हणजे अक्षरशः हलला, माझ्या डोळ्यांदेखत! लाल कांद्याच्या पापुद्र्यातल्या एकेका लांबट पेशीत काठोकाठ भरलेला तो रंग आधी कोपऱ्यांतून सुटला, मग भिंतींपासून मागे सरला, आणि बघता बघता प्रत्येक पेशीच्या मधोमध एक गडद, गोलसर, आक्रसलेला गोळा होऊन बसला. भिंती होत्या तिथेच. आतलं सगळं अंग चोरून बसलेलं. मी डोळा न हलवता ओरडले, "अगं, हे जिवंत आहे!"

"मग काय मेलेलं असणार का आत्या?" भाची म्हणाली. ती आठवीत आहे. पेशीच्या धड्यात परासरण आहे आणि त्याची व्याख्या तिला तोंडपाठ आहे. मी बी.कॉम. झालेली बाई, नोकरी सगळी लोकांचे हिशेब तपासण्यात गेली. विज्ञान दहावीला जे सुटलं ते सुटलं. श्रावणात मुळशीला भावाकडे चार दिवस राहायला आले होते आणि पाऊस असा लागला होता की अंगणात पाऊल टाकायची सोय नव्हती. समोरचा डोंगर दिसेना, धरणाचं पाणी दिसेना, मोबाईलला रेंज येईना. अशा वेळी घरातल्या शेंडेफळाने दप्तरातून एक कागदी वस्तू काढली आणि माझी झोप उडवली.

त्या वस्तूचं नाव फोल्डस्कोप. मूळचे मेरठचे आणि आता अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात असलेले मनू प्रकाश आणि त्यांचा विद्यार्थी जिम सिबुल्स्की यांनी हा दुमडून जोडायचा कागदी सूक्ष्मदर्शक तयार केला; २०१४ मध्ये त्यांनी तो जगापुढे मांडला. कागद, एक इवलंसं भिंग, आणि साधारण १४० पट मोठं दिसतं. मला वाटलं खेळणं असेल. खेळणं कसलं! कांद्याच्या मांसल पाकळीची बाहेरची जांभळी बाजू घ्यायची, तिचा नखाने पापुद्रा काढायचा, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरायचा, वर पातळ काच ठेवायची. मग त्या काचेच्या एका कडेला मिठाच्या पाण्याचा थेंब सोडायचा आणि दुसऱ्या कडेला टिपकागदाचा तुकडा लावायचा. टिपकागद साधं पाणी पिऊन घेतो, त्याच्या जागी खारं पाणी काचेखाली सरकतं. मिठाचं पाणी म्हणजे तरी काय, वाटीभर पाण्यात दोन चमचे स्वयंपाकघरातलं मीठ.

आणि मग कमाल बघा. खारं पाणी टिपून घेऊन तिने पुन्हा साधं पाणी सोडलं. आक्रसलेले गोळे फुगायला लागले! रंग फिकट होत होत पसरला, भिंतींना टेकला, कोपऱ्यांत शिरला, पेशी पुन्हा टच्च. पुन्हा मीठ, पुन्हा आक्रसणं. पुन्हा पाणी, पुन्हा फुगणं. मी काही तिच्या हातात तो कागद परत देईना. शेवटी तीच कंटाळली आणि म्हणाली, "आत्या, मला गृहपाठ आहे गं."

भाऊ सोप्यावर विळ्याला धार लावत होता. तो तिथूनच म्हणाला, "मीठ लावलं की पाणी सुटतं. यात एवढं ओरडण्यासारखं काय झालं?" वहिनीही त्याच्याच बाजूची. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ आयत्या वेळी घालायचं हे काय तिला कुणी सूक्ष्मदर्शक लावून शिकवलं? कैरीच्या फोडींना मीठ चोळून रात्रभर ठेवलं की सकाळी पातेल्यात पाणी जमतं, ते कुठून आलं? बरोबर आहे. तिला आधीपासून माहीत आहे, मला माहीत आहे, आमच्या आजीलाही माहीत होतं. पण आपण सगळ्यांनी आजवर फक्त पातेल्यातलं पाणी पाहिलं. ते पाणी घराबाहेर पडताना घराच्या आत काय होतं, हे मी पहिल्यांदा बघत होते, आणि बघितल्यावर कोशिंबीर ही काही साधी गोष्ट राहिली नाही.

भाऊ म्हणाला, "मीठ पाणी ओढून घेतं, बस." आणि इथे आठवीतली पोर बापाला म्हणाली, "मीठ कुठे काय ओढतंय बाबा?" मग तिने जे सांगितलं ते मी रात्री पुन्हा पुन्हा घोळवत राहिले. पेशीला बाहेरून भिंत असते, ती चाळणीसारखी मोकळीच. मीठ आणि पाणी दोन्ही तिच्यातून जातात. भिंतीच्या आत एक अतिपातळ पडदा असतो, पेशीपटल. खरा पहारेकरी तो. पाण्याला तो जाऊ-येऊ देतो, मिठाला अडवतो. पाण्याचे रेणू काही एका जागी बसत नाहीत. दोन्ही बाजूंनी ते सतत पडद्यावर आदळतात, काही आत जातात, काही बाहेर येतात. दोन्हीकडे पाणी सारखंच मोकळं असेल तर जेवढे गेले तेवढे आले, हिशेब जुळला. पण एका बाजूला मीठ मिसळलं की त्या बाजूच्या पाण्याची मोकळीक कमी होते. तिकडून निघणारे रेणू घटतात, इकडून जाणारे मात्र पूर्वीइतकेच असतात. म्हणजे ओढाओढ कुणी करत नाही. जमा आणि खर्च यांत फरक पडतो, एवढंच! हिशेबाच्या बाईला याहून आणखी कुठल्या भाषेत सांगायला हवं?

त्या दिवसापासून मी हाताला लागेल ते वाचायला लागले. आणि वाचताना वाटत राहिलं की या माणसांच्या गोष्टी आपल्याला शाळेत कुणी का नाही सांगितल्या?

१७४८ सालची गोष्ट. ज्याँ-आंत्वान नोले नावाचा एक फ्रेंच धर्मगुरू. गृहस्थ विजेचेही प्रयोग करायचा. त्याने एक भांडं मद्यार्काने भरलं, त्याच्या तोंडावर डुकराच्या मूत्राशयाचा पडदा घट्ट बांधला आणि ते भांडं पाण्यात बुडवून ठेवलं. त्याला बघायचं होतं वेगळंच, पण काही तासांनी बघतो तर पडदा टम्म फुगून वर आलेला. त्याने टाचणी टोचली, तर आतून चिळकांडी उडाली. भांड्यात बाहेरचं पाणी शिरलं होतं, कुणी न ओतता, कुणी न ढकलता. त्या चिळकांडीचं नीट कारण सांगायला शंभर वर्षांहून जास्त काळ लागला. मधे १८२०च्या दशकात आंरी द्युत्रोशे या फ्रेंच शास्त्रज्ञाने ओळखलं की झाडं आणि प्राणी यांच्या अंगातही हेच चालू आहे. मग जर्मनीत विल्हेल्म फेफर आला. त्याने मातीच्या सच्छिद्र भांड्याच्या अंगात एका रसायनाचा पडदा तयार केला, जो पाणी सोडतो पण साखर सोडत नाही, आणि त्यात साखरेचं पाणी भरून दाब मोजला. १८७७ सालचे त्याचे आकडे आजही पुस्तकांत छापतात. एक टक्का साखरेचं पाणी असेल तर पाऱ्याचा स्तंभ ५३.५ सेंटिमीटर चढला. सहा टक्के साखर असेल तर तीन मीटरच्याही वर.

पारा तीन मीटर म्हणजे पाणी किती? जवळजवळ चाळीस मीटर! लिटरभर पाण्यात साठ ग्रॅम साखर. आमच्या घरातल्या एका चहाच्या आधणात यापेक्षा जास्त पडत असेल. त्या साखरेच्या जोरावर, मधे योग्य पडदा असेल तर, पाणी चाळीस मीटर वर चढायला तयार आहे. मी हे वाचून खुर्चीतून उठले आणि घरभर चकरा मारल्या.

फेफरचे हे आकडे ह्युगो द व्रीस या डच वनस्पतिशास्त्रज्ञाने वाचले होते. द व्रीस नेमकं तेच करत बसलेला असायचा जे माझी भाची करत होती: रंगीत पानांच्या पेशी वेगवेगळ्या द्रावणांत बुडवायच्या आणि आतला रंग भिंतीपासून कधी सुटतो ते बघायचं. अ‍ॅम्स्टरडॅममध्ये रस्त्यात भेट झाली असताना त्याने आपला मित्र याकोबुस व्हांट हॉफ याला फेफरचे आकडे सांगितले, आणि व्हांट हॉफच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. १८८७ मध्ये त्याने मांडलं की विरळ द्रावणातला हा दाब वायूच्या दाबाच्याच नियमाने चालतो. १९०१ मध्ये रसायनशास्त्राचं पहिलंवहिलं नोबेल पारितोषिक त्याला मिळालं. पहिलं नोबेल कशाबद्दल, तर निम्म्याने आमच्या कांद्याच्या पापुद्र्याबद्दल!

आता मुळशीत बसून पाण्याच्या दाबाबद्दल वाचायचं आणि धरण आठवायचं नाही, हे शक्य नाही. निळा आणि मुळा या नद्यांचं पाणी अडवून टाटांनी इथे धरण बांधलं. त्याविरुद्ध १९२१ मध्ये मुळशीचा सत्याग्रह उभा राहिला, सेनापती बापट हे नाव त्या लढ्याने घराघरांत पोचलं, आणि तरीही गावं, भातखाचरं पाण्याखाली गेली. १९२७ मध्ये पलीकडे कोकणात भिऱ्याचं वीजघर सुरू झालं. आमच्या आजोळची माणसं हा विषय निघाला की आजही आवाज चढवून बोलतात, आणि ते मला योग्यच वाटतं. पण वीज होते कशी? धरणाचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेला जातं आणि घाटाखाली सुमारे पाचशे मीटर कोसळून जनित्रं फिरवतं. पुढे तेच पाणी कुंडलिकेतून समुद्राला मिळतं. पाचशे मीटरची ती उडी म्हणजे साधारण पन्नास वातावरणांएवढा दाब. समुद्राच्या पाण्याचा परासरण दाब किती? सत्तावीसच्या आसपास. म्हणजे नदी आणि समुद्र यांच्यामधे फक्त एक पडदा धरला, तर तिथे न दिसणारा, अडीचशे मीटरहून उंच असा धबधबा आहे!

ही माझी कल्पना नाही हं. २००९ मध्ये नॉर्वेतल्या टोफ्टे इथे स्टॅटक्राफ्ट या कंपनीने गोडं पाणी आणि समुद्राचं पाणी पडद्याच्या दोन बाजूंना सोडून खरोखर वीज तयार केली. फार थोडी झाली, एक-दोन विजेच्या किटल्या चालतील इतकी, आणि खर्च परवडेना म्हणून पुढे त्यांनी तो नाद सोडला. पण झाली! ना डोंगर, ना धरण, ना कुणाचं गाव बुडलं. भावाला हे सांगितलं तर तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "शंभर वर्षं आधी सुचायला हवं होतं कुणाला तरी."

या सगळ्यातून माझ्या डोक्यात जी गोष्ट घट्ट बसली ती सांगते. सजीवाच्या अंगात पाण्याचा पंप नाही. हृदय रक्त ढकलतं, ते सोडा. पेशीच्या पडद्यातून पाणी पलीकडे ढकलणारं यंत्र कुणाला आजवर सापडलेलं नाही. पंप आहेत ते क्षारांचे. पोटॅशियम इकडून तिकडे ने, सोडियम बाहेर काढ, क्लोराईड सरकव, साखर साठव, एवढंच काम पेशी करते, आणि त्यासाठी अन्न जाळते. पाणी आपणहून मागोमाग येतं. धरणाचे इंजिनिअर तरी वेगळं काय करतात? तेही पाणी ढकलत नाहीत, उतार करून देतात. पेशी उतार करते तो क्षारांचा.

हे एकदा कळलं की बांधावर चालणं अवघड होतं, कारण पावलापावलाला थांबावंसं वाटतं. एके दिवशी पाऊस जरा उघडला आणि आम्ही खाचराकडे निघालो. वाटेवर लाजाळू. लहानपणापासून हजारदा शिवलेली. या वेळी मी गुडघे टेकून बसले, चष्मा पुसला आणि एकाच देठाकडे बघत बोट लावलं. पानं जोडीजोडीने मिटत गेली ती गंमत सगळ्यांनाच माहीत आहे. मी बघत होते देठाचं बूड. तिथे एक फुगीर गाठ असते, आणि सगळं नाटक त्या गाठीत आहे. स्पर्शाचा निरोप विजेच्या लहरीने तिथे पोचतो. (या लहरी जगदीशचंद्र बोस यांनी शतकापूर्वी स्वतः बनवलेल्या यंत्रांनी टिपल्या होत्या.) निरोप आला की गाठीच्या खालच्या बाजूच्या पेशी आपल्यातलं पोटॅशियम आणि क्लोराईड बाहेर सोडून देतात, त्यांच्यामागून पाणी निघतं, खालची बाजू ढिली पडते, वरची तशीच टच्च राहते, आणि अख्खा देठ मान टाकतो. सेकंदभरात! स्नायू नाही, मज्जातंतू नाही. पुन्हा उभं राहायला मात्र तिला दहा-वीस मिनिटं लागतात, कारण क्षार परत आत भरायला मेहनत पडते. गडगडत खाली येणं सोपं, वर चढणं कष्टाचं. आम्ही तिथे चिखलात बसून ती वर येईपर्यंत वाट पाहिली. वाटेने जाणारे एक आजोबा "काय हरवलं का ताई?" म्हणून विचारून गेले.

आणि भाताचं तर विचारूच नका. भावाच्या खाचरात इंद्रायणी असतो, आंबेमोहर घरापुरता एका तुकड्यात. लावणीतून उरलेली थोडी रोपं त्याने पडवीत घमेल्यात, चिखलात खोचून ठेवली होती. सकाळी उठून बघते तर प्रत्येक पात्याच्या अगदी टोकाला एकेक थेंब! टपोरा, स्वच्छ, बरोबर टोकावर. वर कौलं आहेत, पाऊस आत येत नाही. उघड्यावर नाही म्हणजे दवही नाही. बोटाने थेंब टिपला. थोड्या वेळाने त्याच टोकावर दुसरा थेंब धरायला लागला होता. रोप आतून पाणी बाहेर सोडत होतं. झालं होतं असं, की रात्री पानांची तोंडं मिटलेली, हवा ओलीचिंब, पानातून वाफ होऊन पाणी उडत नाही. मुळं मात्र स्वस्थ बसत नाहीत. ती चिखलातले क्षार उचलून आतल्या नळ्यांत भरत राहतात. क्षार आले की मागोमाग पाणी आलंच. आत दाब वाढतो, आणि पात्याच्या टोकाशी असलेल्या बारीक छिद्रांतून जास्तीचं पाणी थेंब होऊन बाहेर पडतं. आपण सकाळी खाचरात जाऊन ज्याला सरसकट दव म्हणतो, त्यातलं कितीतरी भाताने स्वतः उपसलेलं पाणी असतं. भाऊ एवढी वर्षं भात लावतो. तो घमेल्याशी उकिडवा बसला, त्याने दोन-चार थेंब झटकले, नवे येतात का बघत राहिला, आणि या वेळी "यात काय झालं" म्हणाला नाही.

भाद्रपदात हीच खाचरं आणि आसपासची ओली गवताळ जागा सीतेच्या आसवांनी निळीजांभळी होते. नाजूक फूल, नाव त्याहून हळवं, पण बाई आहे शिकारीण! चिखलात तिच्या अंगाला मिलिमीटरभराच्या पिशव्या असतात. पिशवी आपल्या पोटातले क्षार बाहेर काढते, त्यामागून पाणी निघतं, पिशवीच्या भिंती आत ओढल्या जातात आणि दार बंद. एखादा सूक्ष्म जीव दाराच्या केसाला लागला की दार उघडतं आणि पाण्याबरोबर तो आत खेचला जातो. याच कुळातल्या पाण्यात राहणाऱ्या जातींचा वेग मोजला तेव्हा कळलं की हे सगळं सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाहून कमी वेळात होतं. वनस्पतींमध्ये याहून चपळ हालचाली अगदी थोड्या. फुलांचे फोटो काढायला गर्दी होते; चिखलाखाली चाललेल्या या फटाफटीकडे कुणाचं लक्ष नसतं.

पण एक प्रश्न मला छळत होता. पडदा तेलकट, स्निग्ध पदार्थाचा. तेलातून पाणी एवढं झरझर कसं जातं? थोडं थोडं जातं हे ठीक, पण लाजाळू सेकंदात मान टाकते ती कशी? आणि इथे मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट सापडली, कारण ती अगदी अलीकडची आहे. मी कॉलेजातून बाहेर पडले तेव्हा याचं उत्तर जगात कुणालाच माहीत नव्हतं! अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पीटर अ‍ॅग्रे हे रक्तगटाच्या एका प्रथिनाच्या मागे लागले होते. त्यांच्या नमुन्यात एक भलतंच प्रथिन भेसळीसारखं पुन्हा पुन्हा यायचं. कुणीही फेकून दिलं असतं. अ‍ॅग्रेंनी त्याचाच पाठपुरावा केला. १९९२ मध्ये त्यांनी बेडकाच्या अंड्यांत ते प्रथिन तयार होईल अशी सोय केली आणि ती अंडी पातळ द्रावणात टाकली. साधी अंडी तशीच राहिली. प्रथिनवाली अंडी फुगली, फुगली आणि काही मिनिटांत फुटली. पाण्याचं दार सापडलं होतं! त्याला अ‍ॅक्वापोरिन म्हणतात. एवढा अरुंद बोगदा की पाण्याचे रेणू एकामागे एक, एका रांगेतच जाऊ शकतात, आणि तरीही एका दारातून सेकंदाला सुमारे तीन अब्ज रेणू पार होतात. तीन अब्ज, एका सेकंदात, एका दारातून. माणसाच्या शरीरात अशा दारांचे तेरा प्रकार आहेत. मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळतात आणि त्यातलं दीड-दोन लिटर सोडून सगळं परत घेतात, त्यात या दारांचा मोठा वाटा आहे. २००३ मध्ये अ‍ॅग्रे यांना नोबेल मिळालं. आणि लक्षात घ्या, दार म्हणजे फक्त दार. पाणी कुठल्या दिशेला जाणार हे दार ठरवत नाही, पुन्हा तोच क्षारांचा उतार ठरवतो.

हे कळल्यावर घरातली औषधंसुद्धा वेगळी दिसायला लागली. सलाईनच्या बाटलीवर ०.९ टक्के मीठ का लिहितात? कारण तेवढ्या खारट पाण्यात रक्तपेशी ना फुगतात ना आक्रसतात. शिरेत नुसतं पाणी सोडलं तर त्या बेडकाच्या अंड्यांसारख्या फुटतील. आणि जलसंजीवनी! आम्ही लहान असताना शाळेच्या भिंतीवर रंगवलेली असायची: उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, सपाट सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. मला वाटायचं साखर चवीसाठी. तसं नाही. आतड्याच्या पेशींत एक वाहक असतो, तो सोडियम आणि ग्लुकोज यांना जोडीनेच आत घेतो. ही गोष्ट रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडली. जोडी आत गेली की पाणी मागे येतं, अगदी कॉलराने आतडी बेजार असतानासुद्धा. १९७१ मध्ये बंगालच्या सरहद्दीवर बनगावला निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला, शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोजचं पाणी पिंपांत भरून लोकांना पाजायला लावलं. तीस टक्क्यांच्या घरात गेलेलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. पद्मविभूषण त्यांना २०२३ मध्ये मिळालं, ते गेल्यावर. एवढा उशीर का, हे ज्यांनी त्यांनी आपापल्या मनाला विचारावं.

नाशिकच्या द्राक्षांना काढणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस लागला की मणी तडकतात, तेही हेच. आत साखर गच्च, बाहेरून पाणी, साल ताणायची तेवढी ताणली आणि फुटली. बागाईतदाराला ही गंमत वाटणार नाही, म्हणून तो विषय इथेच सोडते.

आणि ज्यांनी या उताराचं गणितच पालथं घातलं त्या वनस्पती आपल्याच सह्याद्रीत आहेत. पावसाळ्यात कातळांवर जे हिरवं असतं ते दिवाळीनंतर वाळून कोळ होतं, सरसकट सगळं मेलं असं आपण धरून चालतो. त्यात काही जाती अशा आहेत की अंगातलं जवळजवळ सगळं पाणी गेलं तरी मरत नाहीत. पाणी निघून जाताना त्या आपल्या पेशींत विशिष्ट साखरा आणि प्रथिनं भरून ठेवतात, म्हणजे पडदे एकमेकांना चिकटून फाटत नाहीत. भिंतीही अशा की मोडत नाहीत, घडी होऊन बसतात. पहिला पाऊस पडला की पाणी आत शिरतं आणि काही तासांत पान हिरवं होऊन कामाला लागतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये पश्चिम घाटातल्या अशा ६२ जातींची नोंद केली. त्याआधी भारतातून जेमतेम नऊ माहीत होत्या. ६२ पैकी १६ भारताबाहेर कुठेही आढळत नाहीत. माझा कांदा मिठाच्या पाण्यात जास्त वेळ राहिला असता तर मेला असता. या ६२ जणी महिनोन्‌महिने कोरड्या राहून परत येतात.

म्हणून ताम्हिणी घाटात जाणाऱ्यांना एक विनंती. पावसाळ्यात सगळेच जातात. एकदा एप्रिल-मेमध्ये जा. सावलीतल्या दगडावर वाळून कुरकुरीत झालेलं शेवाळ किंवा गुंडाळी झालेला नेचा शोधा, पाण्याच्या बाटलीचं एक टोपण भरून त्यावर ओता आणि मुलांना शेजारी बसवा. शेवाळ काही मिनिटांत पानं उघडायला लागेल. नेच्याला वेळ लागतो, त्याला उद्यापर्यंत सवड द्या. आणि कातळावर गाडी लावताना, चूल मांडताना, वाळकं आहे म्हणून पायाने खरवडून जागा साफ करताना थांबा. ते मेलेलं नाही.